हात लागला

रविवारी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी मिरजेच्या गृहसेवा केंद्रात सूचना आली, की सेविका क्रमांक २१७, सारिका ऐवळे, वय त्रेचाळीस, धोक्यात आहे. ठिकाण जयसिंगपूर. अकराव्या मिनिटाला दोन महिला पोलीस विजेच्या स्कूटरवरून त्या पत्त्यावर पोहोचल्या. सारिका बहिणीच्या अंगणात पाय पसरून उकडलेल्या शेंगा खात होती.

"कुणी मारलं?" पहिलीने विचारलं.

"कुणी नाही ओ."

"घरात पुरुष कोण आहे?"

"माझा नवरा आहे," सारिकाची बहीण वैशाली म्हणाली. "झोपलाय. त्याला उठवून मारायला सांगायचं तरी तासभर जाईल."

दुसरीने सारिकाच्या मनगटावरचा पट्टा पाहिला. त्यावरचा दिवा लाल होता. "मग मी यात लिहू काय?"

"शेंगांनी हल्ला केला, असं लिहा," वैशाली म्हणाली. "मीठ जास्त झालं होतं."

चौघीही हसल्या. सारिका हसली तसा पट्टा पुन्हा वाजला.

"मशीन बिघडलंय तुमचं. उद्या केंद्रात दाखवा," पहिली म्हणाली. दोघींनी मूठभर शेंगा घेतल्या आणि त्या गेल्या.

पट्टा बिघडलेला नव्हता.

त्या पट्ट्याला सगळे 'सोबत' म्हणत. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं करणाऱ्या बायकांवरचे हल्ले वाढले, तेव्हा तो आला. या बायका बंद दाराआड एकट्याने काम करतात. साक्षीदार नसतो आणि तक्रार बहुतेक जणी करत नाहीत. तोंड बोललं नाही तरी शरीर लपवू शकत नाही, या एका गोष्टीवर पट्टा बेतलेला होता. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर, त्वचेचा ओलावा, हाताच्या स्नायूंचा ताठपणा, घामात उतरणारी ताणाची द्रव्यं आणि बाहेरून बसलेला धक्का, एवढं तो मोजायचा. नुसत्या धक्क्याने मात्र तो वाजत नसे, कारण माणसं उचलताना धक्के रोजच बसतात.

अडचण एकच होती. भीतीचं माप सगळ्यांचं सारखं नसतं. एकीची नाडी मुळातच सत्तर असते, दुसरीची नव्वद. तीन मजले चढून गेलेली बाई आणि घाबरलेली बाई यांचे आकडे पहिल्या मिनिटात सारखेच दिसतात. म्हणून पहिले एकवीस दिवस पट्टा कसलाच निवाडा करत नसे, नुसता शिकत असे. त्या दिवसांची सरासरी ही त्या बाईची 'बैठक' धरली जायची. पुढे शरीर बैठकीपासून फार लांब गेलं, मग ते वर असो की खाली, की पट्टा वाजायचा. खाली का, तर बेशुद्ध पडलेल्या किंवा गुंगीचं औषध दिलेल्या बाईचं शरीर सैल पडतं, हे बनवणाऱ्यांनी लक्षात घेतलं होतं.

दिवसाच्या शेवटी सेविकेने पट्ट्याशी बोलून नोंद द्यायची. पट्टा शांत आणि नोंद साधी असेल, तर ती नोंद माणसाच्या डोळ्यांखालून जात नसे. जिल्ह्यात चार हजार सेविका होत्या आणि तपासायला सहा माणसं.

आतापर्यंत पट्टा फक्त कामाच्या वेळी घालायचा होता. सुटीच्या दिवशीही घालण्याचा नियम त्याच आठवड्यात आला होता. सारिकाचा तो पट्ट्यासकटचा पहिला रविवार.

सोमवारी सकाळी आठ वाजता सारिका कामावर गेली तेव्हा म्हेत्र्यांचं दार हेमंत म्हेत्रेने उघडलं. हेमंत एक्कावन्न वर्षांचा. घरी बसून कुठल्याशा कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी सोडवायचा. बायको मुलीच्या शिक्षणासाठी पुण्यात राहायची. स्वतःपेक्षा आठ वर्षांनी लहान असलेल्या सारिकाला तो पहिल्या दिवसापासून मावशी म्हणत आला होता.

"काय मावशी, काल पोलीस आले होते म्हणे? मला मेसेज आला केंद्राचा."

"पट्टा बिघडलाय, दादा."

"माझ्याबद्दल काही विचारलं?"

"नाही."

"बरं. विचारलं तरी आपण काय सांगणार म्हणा," तो म्हणाला आणि कामाच्या खोलीत गेला.

हेमंतचे वडील नाना म्हेत्रे खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. वय एक्क्याऐंशी. चाळीस वर्षं त्यांनी मिरजेत तंबोरे बनवले. भोपळा निवडण्यापासून तारेला गुंज देणारी जवारी काढण्यापर्यंत सगळं स्वतःच्या हाताने. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने उजवी बाजू लुळी पडली. डावा हात हलायचा, पण खांद्याच्या वर जात नसे. मागोमाग विसरणं सुरू झालं. बायकोचं जाणं ते विसरले, गल्लीचं नाव विसरले, पण सूर विसरले नव्हते. कुकरची शिट्टी झाली की पेटीवरचा तिचा सूर ओळखून ओरडायचे, "काळी चार!" भंगारवाला ओरडत गेला की, "उतरलाय रे, उतरलाय!" एकदा त्यांनी सारिकाला सांगितलं होतं, "चारी तारा सारख्याच उतरल्या ना पोरी, तर तंबोरा स्वतःशी सुरेलच वाजतो. घरात बसलेल्याला कळत नाही. बाहेरून कुणी पेटीवर बोट ठेवलं की मग कळतं."

गेले चार महिने मात्र ते गप्प होते. मान छातीवर, डोळे अर्धे मिटलेले. सारिकाला वाटायचं, आजार पुढे सरकतोय. अंग पुसून झाल्यावर तिने त्यांच्या खांद्यावरची औषधाची पट्टी बदलली. पूर्वी ही पट्टी पांढरी यायची, नंतर पिवळी, आता निळी.

मग तिने कोपऱ्यातला तंबोरा आणून त्यांच्या मांडीला टेकवला आणि शेजारी जमिनीवर बसून तार छेडली. नाना हलले नाहीत. तिने पुन्हा छेडली, जरा जोरात. नानांची भुवई किंचित वर गेली.

दार आपटलं. "दहा ते एक आवाज नको, किती वेळा सांगायचं?" हेमंत आत आला तो थेट तिच्यापर्यंत. तिला उठायलाही मिळालं नाही. मूठ खांद्यावर आणि मानेवर वरून बसली. तिचं कपाळ तंबोऱ्याच्या भोपळ्यावर आपटलं. दहा वाजून बावीस मिनिटं झाली होती. तिच्या मनगटावरचा दिवा हिरवाच राहिला.

अर्ध्या तासाने हेमंत चहा घेऊन आला. कप त्याने तिच्या हातात दिला नाही, खिडकीत ठेवला.

"घ्या, मावशी. डोकं ठिकाणावर नसतं माझं. तीन वर्षांत या घराबाहेर सलग दोन दिवस काढले नाहीत मी."

हे खरं होतं. सारिकाने चहा घेतला.

संध्याकाळी पाच वाजता ती पट्टा तोंडाजवळ धरून उभी राहिली. हेमंत दारातच मोबाइल बघत होता.

"आज काही प्रसंग?" पट्ट्याने विचारलं.

"हात लागला."

"कुणाचा?"

"नानांचा."

"नोंद झाली. काळजी घ्या."

हा शब्द सारिकाचा एकटीचा नव्हता. जिल्ह्यातल्या सगळ्याच सेविका तो वापरायच्या. 'मारलं' म्हटलं की मारणारा लागतो, चौकशी लागते, घराला धोक्याची खूण लागते. 'हात लागला' म्हटलं की सगळं तिथल्या तिथे मिटतं. आणि कुणाचा, असं विचारलं तर नाव रुग्णाचं सांगायचं. रुग्णाला समज नसते, त्याला शिक्षा होत नाही, हे सगळ्याजणी एकमेकींना सांगत. सारिकाच्या बाबतीत तर तो शब्द पहिल्यांदा जवळजवळ खरा होता. नानांनी आंबील सांडली, हेमंतने त्यांच्यावर हात उगारला, ती मधे गेली आणि हात तिला लागला. दुसऱ्या वेळी ती मधे गेली नव्हती. शब्द मात्र तोच राहिला.

तिथून ती केंद्रात गेली. पट्ट्यांचं काम तबस्सुम मुल्ला बघायची. तीस वर्षांची, बोलायला चटपटीत. तिने पट्टा जोडला आणि पडद्याकडे बघत बसली. बराच वेळ.

"ताई, पट्टा चांगला आहे."

"मग काल का बोंबलला?"

तबस्सुमने पडद्यावर आजची तारीख काढली. "आज दहा बावीसला काय झालं?"

"नानांचा हात लागला. सांगितलंय की नोंदीत."

"नाना खुर्चीत बसतात ना?"

"हो."

"आणि डावा हात खांद्याच्या वर जात नाही. हेही नोंदीतच आहे, तुमच्याच आवाजात." तिने बोट पडद्यावर ठेवलं. "हा धक्का वरून खाली आलाय. उभ्या माणसाचा आहे."

सारिका पिशवीची चेन उघडबंद करत राहिली.

तबस्सुमने दोन रेघा एकाखाली एक लावल्या. "ही खालची, शेंगांची. कालची. सपाट, निवांत. ही वरची आजची. बघा, मार बसला तिथं हललीसुद्धा नाही. कारण सकाळी आठला दार उघडलं तेव्हाच ती इथं वर जाऊन बसलीय. तुमचं अंग मार बसायच्या आधीपासून तेवढंच ताठ आहे." तिने खुर्ची सारिकाकडे वळवली. "पट्टा मिळाला तेव्हा तुम्ही म्हेत्र्यांकडं किती दिवस जात होता?"

"पाच-सहा महिने."

"तेव्हाही असंच होतं?"

सारिकाने होकारार्थी मान हलवली.

"म्हणजे यानं तुमची भीती हीच बैठक धरली. एकवीस दिवस हेच शिकला. काल तुम्ही खऱ्याखुऱ्या निवांत झालात आणि हा घाबरला."

"चारी तारा उतरलेल्या," सारिका हळूच म्हणाली.

"काय?"

"काही नाही. नाना म्हणतात तसं." तिने पिशवी खांद्याला लावली. "तेवढं दुरुस्त करा आणि द्या. मी तक्रार करणार नाही. घराला खूण लावाल तुम्ही. सहा महिने कुणी सेविका जाणार नाही. मग नानांना उचलून निवासकक्षात टाकाल, आठ माणसांच्या खोलीत. ते घर सोडून कुठं राहिलेले नाहीत."

"ते राहू शकतील का ते तरी बघू," तबस्सुम म्हणाली आणि तिने नानांची फाइल उघडली. वाचता वाचता तिचा आवाज उतरला. "ताई, यात तर नाना तुम्हाला सतत मारतात असं आहे."

"कोण नाना? गरीब गाय आहेत ते."

"इथं एकोणीस नोंदी आहेत. 'आक्रमक वर्तन.'"

"कुणी लिहिलं हे?"

"तुम्हीच."

तबस्सुमने पडदा तिच्याकडे वळवला. डाव्या बाजूला तारखा होत्या. प्रत्येक तारखेपुढे सारिकाचे दोन शब्द आणि त्यापुढे यंत्राने काढलेला अर्थ. उजव्या बाजूला औषधाची मात्रा. पाच नोंदी झाल्यावर पांढरी पट्टी पिवळी झाली होती. बारा झाल्यावर निळी. खाली डॉक्टरांची सही, तिच्याखाली मुलाची संमती.

"निळी कशाची असते?" सारिकाने विचारलं.

"गुंगीची. आक्रमक रुग्णांना शांत ठेवायला."

"मीच चिकटवते. दर तीन दिवसांनी." ती खुर्चीत बसली. "पण रुग्णाला शिक्षा होत नाही ना?"

"शिक्षा होत नाही, ताई. उपचार होतात."

सारिका त्या निळ्या चौकोनाकडे बघत होती. चार महिने. कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाले, सगळे नानांच्या समोरून गेले होते आणि त्यांनी एकदाही टोकलं नव्हतं.

"यातले किती नानांचे?" तबस्सुमने विचारलं.

"दोन. आंघोळ घालताना झटका आला तेव्हाचे. ते खरंच लागलेले." तिने पदराने तोंड पुसलं. "बाकीचे सतरा बदलता येतात?"

"येतात. पण एकेक तारीख घेऊन, तुमच्या आवाजात. आणि मग खूण लागेल. नानांना हलवावं लागेल, हे मी तुमच्यापासून लपवत नाही."

"तिथं पट्टी कुठली लावतील?"

"आक्रमक नाहीत म्हटल्यावर पांढरी."

सारिकाने पट्टा उचलून तोंडाजवळ धरला. तबस्सुमने पहिली तारीख वाचली.

"त्या दिवशी..." सारिका म्हणाली, "हात ला..." ती थांबली. "मारलं."

"कुणी?" पट्ट्याने विचारलं.

"हेमंत म्हेत्रेंनी."

"कुणाला?"

हा प्रश्न तिला आजवर कधी विचारला गेला नव्हता.

"मला," ती म्हणाली.

सतरा तारखांना एक तास चाळीस मिनिटं लागली. मधे तबस्सुमने दोनदा पाणी आणून दिलं. अकराव्या तारखेला सारिका म्हणाली, "त्या दिवशी नंतर त्यांनी मला दवाखान्यात नेलं होतं गाडीतून. तेही लिहा." तबस्सुमने तेही लिहिलं.

चौकशी आठवडाभरात झाली. हेमंतने काहीच नाकारलं नाही. "त्या कधी काही बोलल्या नाहीत," तो म्हणाला. "मला वाटलं, त्यांना चालतं." निळ्या पट्टीबद्दल विचारलं तेव्हा मात्र "घर शांत झालं होतं," एवढंच म्हणाला. घराला खूण लागली. त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला. त्याला शनिवारी एक तास, केंद्राच्या माणसासमोर, वडिलांना भेटायची परवानगी मिळाली. नानांना निवासकक्षात हलवलं. खोलीत आठ माणसं होती. पहिले तीन दिवस नाना रडले.

सारिकाला हे फोनवर कळलं. पट्टा पुसून कोरा केला होता आणि नवी बैठक शिकेपर्यंत एकवीस दिवस तिला कामावर जायची बंदी होती. नवा नियम तिच्यापासूनच सुरू झाला: पट्टा शिकायचा तो कामाच्या घरी नाही, जिथे बाईला बरं वाटतं तिथे. ती वैशालीकडे राहिली. सुरुवातीचे काही दिवस दाराची कडी वाजली तरी ती दचकायची. कुणी मागून चालत आलं की खांदा आपोआप वर जायचा.

"मी आहे गं," वैशाली म्हणायची. "शेंगांवाली. आधी पोलिसांत वर्दी देऊन येऊ का?"

दहाव्या-बाराव्या दिवशी सारिकाच्या लक्षात आलं, की तिची पाठ दुखायची थांबली आहे. ती कधीपासून दुखत होती हे तिला आठवेना.

बाविसाव्या दिवशी सकाळी ती निवासकक्षात रुजू झाली. नाना चौथ्या खाटेवर उशीला टेकून बसले होते. खांद्यावर पांढरी पट्टी. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ओळख पटली नाही.

"हेमू कुठाय?"

"शनिवारी येतील, नाना."

"घरी जायचंय."

सारिकाने चादर सारखी केली. दिवसभरात नानांनी तेच सहा वेळा म्हटलं. सहाही वेळा ती त्यांच्याजवळ बसून राहिली.

चारच्या सुमारास कक्षाच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"पांढरी पाच," डोळे मिटलेले नाना म्हणाले. मग कपाळावर आठी आली. "उतरलीय जरा."

सारिका उठली. केंद्राने घरून आणलेला तंबोरा कपाटामागे उभा होता. तिने तो पुसला, खाटेला टेकवला आणि तार छेडली. नाना तिच्यावर खेकसले.

"हे काय? कुणी लावलाय असला? चढव!"

तिने खुंटी पिळली.

"अजून. अजून, घाबरतेस काय, तुटत नाही. बास! आता उतरव, केसाएवढं. केसाएवढं म्हटलं तर विळीएवढं उतरवलंस, पोरी." डाव्या हाताचं एक बोट पुढे आलं आणि तारेतला बारीक सूर जुळवायचा मणी त्यांनी स्वतःच सरकवला, जरासा. "छेड."

तिने छेडली. तार बराच वेळ गुंजत राहिली. पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने घोरणं थांबवलं.

"हां," नाना म्हणाले. "लागला."

पाच वाजता सारिका खिडकीशी उभी राहिली आणि पट्टा तोंडाजवळ धरला. दारात कुणी नव्हतं.

"आज काही प्रसंग?"

"नानांचा सूर लागला."

पट्टा तीन सेकंद गप्प राहिला. तिच्या सतरा दुरुस्त्यांनंतर जिल्ह्यातल्या सगळ्या पट्ट्यांना हा शब्द आला की थांबायला शिकवलेलं होतं.

"'लागला' म्हणजे नेमकं काय झालं?" पट्ट्याने विचारलं. "कुणी मारलं का?"

सारिका इतक्या मोठ्याने हसली की नानांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. मनगटावरचा दिवा हिरवा होता.

"नाही," ती म्हणाली. "खरंच लागला."